हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बँकेच्या शाखेसमोर सकाळी साडेनऊपासूनच पेन्शनर मंडळी येऊन बसतात. शटर अजून अर्धंच वर गेलेलं असतं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या काखेत पासबुकाची पिशवी, कुणाला सुनेनं रिक्षातून आणलेलं. काम एकच: आपण हयात आहोत हे दाखवायचं. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे सही करायची, केंद्राच्या पेन्शनरांनी छापील नमुना भरून द्यायचा. हे राहून गेलं तर पेन्शन थांबते. दाखला पोचला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते, पण मधल्या काळातली औषधांची उधारी कुणी थांबवत नाही.

या दाखल्यामागचं कारण कुणालाही पटेल. माणूस गेल्यावरही खात्यात पैसे जमा होत राहू नयेत, म्हणून वर्षातून एकदा खातरजमा. अडचण एवढीच, की ही खातरजमा ज्यानं करून द्यायची तो घरातला सर्वांत थकलेला माणूस असतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी बँकेचा कर्मचारी जाईल अशी तरतूद होती आणि काही शाखा ती मनापासून पाळतही असत. पण चार माणसांवर चालणाऱ्या तालुक्याच्या शाखेतून असा माणूस मोकळा होणं किती अवघड, हे तिथे खातं असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आजी-आजोबांना तर भारतीय वकिलातीसारख्या अधिकृत ठिकाणी जाऊन दाखला करून आणावा लागे.

या हेलपाट्यांवरचा उपाय आता फोनमध्ये आहे. स्मार्टफोननं आणलेल्या सोयींची यादी मोठी आहे. वायर न लावता, नुसता तबकडीवर ठेवून चार्ज होणारा फोन ही जाहिरातीत सर्वांत देखणी दिसणारी सोय. सोय चांगली आहे, थोडी वीज उष्णतेत वाया जाते, केबल खुपसण्याचे दोन सेकंद वाचतात. हयातीचा दाखला फोनवरून देता आला तर मात्र खुब्याचं हाड मोडलेल्या बाईचा जिना उतरणं, रिक्षा आणि रांग हे सगळंच वाचतं. म्हणून फोनमधल्या सोयींत मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती कुठे अडते हेही नीट पाहावंसं वाटतं.

'जीवन प्रमाण' ही योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. तेव्हा दाखला डिजिटल झाला, पण त्यासाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागे. ते यंत्र बँकेत किंवा सेवा केंद्रात, म्हणजे जाणं काही सुटलं नाही. खरा फरक पडला तो २९ नोव्हेंबर २०२१ नंतर, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आल्यावर. आता साध्या अँड्रॉइड फोनवर काम होतं. दोन अ‍ॅप घ्यायची, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं 'आधार फेस आरडी'. हे दुसरं अ‍ॅप घेतल्यावर त्याचं चिन्ह फोनच्या पडद्यावर दिसतच नाही, ते आतल्या आत काम करतं. 'डाउनलोड तर केलं, पण गेलं कुठे?' म्हणून निम्मे लोक इथेच थांबतात.

ज्याच्या फोनवरून दाखला निघणार त्यानं आधी स्वतःची ओळख पटवायची. त्याला तिथे 'ऑपरेटर' म्हणतात. पेन्शनर स्वतः ऑपरेटर होऊ शकतो, किंवा मुलगा, सून, शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांक, बँक खातं, पेन्शन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय ही माहिती भरायची. शेवटी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या. समोर छायाचित्र धरलेलं नाही, जिवंत माणूस आहे, हे यंत्राला त्यातून कळतं. टिपलेला चेहरा आधारच्या मध्यवर्ती भांडारातल्या छायाचित्राशी ताडून पाहिला जातो. जुळला तर 'प्रमाण आयडी' एसएमएसनं येतो, दाखला मध्यवर्ती ठिकाणी साठवला जातो आणि पेन्शन देणारी बँक तो तिथून घेते.

माझ्या आत्याचा दाखला आम्ही असाच केला. तिला फॅमिली पेन्शन आहे. चष्मा काढून तिला खिडकीजवळ बसवलं, मागे पांढरी भिंत.

"आत्या, आता पापण्या मिट."

"मिटल्या की."

"आता उघड. हलू नकोस."

"चष्मा काढल्यावर तू तरी दिसतोस का मला? फोन कुठाय ते सांग आधी."

तिसऱ्या खेपेला जुळलं. एसएमएस आला, तो मी वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता बँकेत जायचं नाही. मग आमच्या शाळेतल्या बायका भेटायच्या कशा?" याचा मी विचारच केला नव्हता. नोव्हेंबरातली ती बँक काही जणींसाठी वर्षातली एकमेव भेट असते. कोण आली, कोण नाही, हे तिथेच कळतं. तरीही गुडघ्यांच्या दुखण्यापुढे आत्यानं फोनच पसंत केला, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

केंद्राच्या पेन्शन विभागानं या सोयीसाठी दरवर्षी नोव्हेंबरात मोहीम चालवली. २०२२ मध्ये ३७ शहरं, २०२३ मध्ये १००, २०२४ मध्ये सुमारे ८०० शहरं आणि गावं. २०२४ च्या मोहिमेत एक कोटीहून अधिक डिजिटल दाखले निघाले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेनं २०२० पासून पोस्टमनमार्फत ७० रुपयांत घरपोच दाखल्याची सोय केली. मला ही व्यवस्था फार चांगली वाटते. ज्या पोस्टमननं वर्षानुवर्षं मनीऑर्डर आणून दिली, तोच दारात येऊन ठसा घेतो. त्याला आजी ओळखते, तो आजीला ओळखतो, आणि ओटीपी विचारणारा माणूस खरा की खोटा हा प्रश्न तिथे उरत नाही.

ओळखपत्र फोनमध्ये ठेवण्याच्या बाकीच्या सोयी आता सवयीच्या झाल्या आहेत. २०१५ साली आलेल्या डिजिलॉकरमधला वाहन परवाना आणि आरसी बुक रस्त्यावरच्या पोलिसाला दाखवता येतं; सरकारी खात्यानं तिथे दिलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा असा नियमच आहे. 'डिजियात्रा'नं विमानतळावर चेहरा दाखवून आत जाता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीत ती सुरू झाली आणि काही महिन्यांतच पुण्यातही आली. ज्याला ती नको, त्याच्यासाठी तिकीट आणि ओळखपत्र दाखवण्याची नेहमीची रांग शेजारीच असते. ही शेजारची रांग लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा मुद्दा तिचाच आहे.

ओळख फोनमध्ये गेली की फोनची दुखणी ओळखीलाही लागतात. बॅटरी संपली की परवाना संपला. आयफोनच्या काही मॉडेलांत बॅटरी संपल्यावरही काही तास गाडीची डिजिटल किल्ली आणि प्रवासाचं कार्ड चालण्याची सोय आहे, पण आपल्याकडच्या बहुतेकांच्या हातात तसला फोन नाही. अलीकडच्या छापील आधार पत्रावरच्या क्यूआर कोडला मात्र चार्जिंग लागत नाही. त्या चौकटीत नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र आधार प्राधिकरणाच्या डिजिटल सहीनिशी भरलेलं असतं, आणि समोरचा माणूस इंटरनेटशिवायही त्याचा खरेपणा तपासू शकतो. इतकी चांगली गोष्ट घरोघरी पत्र्याच्या पेटीत पडून आहे आणि आपण मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढत फिरतो.

आधार महाराष्ट्रातूनच सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातले पहिले क्रमांक दिले गेले. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही अशा माणसांना ओळख मिळावी, हा हेतू तेव्हा सांगितला गेला होता. आजही मला तो हेतू खोटा वाटत नाही. पण त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, फोनला रेंज मिळावी म्हणून लोक डोंगराच्या धारेवर जाऊन उभे राहतात. ओळख ऑनलाइन पटवायची म्हटली की तिथे चढ चढावा लागतो.

अडचणी बोटांपासून सुरू होतात. वय वाढलं की बोटांवरच्या रेषा पुसट होतात. ऊसतोड, खडी फोडणं, चुना-सिमेंटचं काम, भांडी घासणं यांनी त्या वयाआधीच झिजतात. रेशन दुकानात 'अंगठा उठत नाही' हे वाक्य इतकं रोजचं झालं आहे, की ते कुणाला तक्रार वाटतही नाही. बाई हात साडीला पुसते, बोटावर फुंकर मारते, पुन्हा ठेवते. चेहऱ्यानं हा त्रास पुष्कळ कमी केला, हे मान्य करायला हवं. पण चेहराही दहा-बारा वर्षांपूर्वी आधार शिबिरात घाईघाईनं काढलेल्या छायाचित्राशी ताडला जातो. मधल्या काळात दात गेलेले असतात, आजारपणात गाल आत गेलेले असतात, मोतीबिंदू झालेला असतो. चेहऱ्याच्या लकव्यामुळे ज्यांची एक पापणी मिटतच नाही, त्यांना 'पापण्या मिटा' ही सूचना कशी पाळता येणार?

याहून मोठी अडचण मोबाइल नंबरची. जीवन प्रमाणमध्ये ओटीपी त्या वेळी भरलेल्या नंबरावर येतो, पण बऱ्याच योजनांत तो आधारला जोडलेल्या नंबरावरच येतो. तो नंबर कुठला? शिबिरात त्या दिवशी जो हाताशी होता तो: मुलाचा, जावयाचा, कधी गावातल्या दुकानदाराचा. मुलगा पुण्याला कंपनीत, त्याचा फोन ड्यूटीवर लॉकरमध्ये, ओटीपीची मुदत दहा मिनिटं. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणजे एखाद्या आजीची ओळख पटवणारा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात जाऊन पडतो. आणि नंबर बदलायचा तर वर्षानुवर्षं आधार केंद्रातच जावं लागे.

२०२५ मध्ये हे सगळं महाराष्ट्रानं एकदम अनुभवलं. 'लाडकी बहीण' योजनेत महिना दीड हजार रुपये मिळतात. १८ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारनं लाभार्थी महिलांना दोन महिन्यांत ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करायला सांगितलं. त्यात महिलेचं आधार आणि ओटीपी तर होताच, शिवाय पतीचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्याही नंबरावरचा ओटीपी. कुटुंबाचं उत्पन्न तपासण्यासाठी ते हवं होतं. पण वडील गेलेले आणि पतीही गेलेला, अशी बाई ही चौकट कशानं भरणार? नवऱ्यानं टाकलेली बाई त्याच्याकडे ओटीपी मागायला जाणार का? संकेतस्थळ दिवसा चालत नाही म्हणून बायका रात्री दोन-तीन वाजता उठून फोन घेऊन बसत. सरकारनं अडचण ओळखली, विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी कागदपत्रं देण्याचा वेगळा मार्ग काढला आणि मुदत वर्षअखेरपर्यंत वाढवली. ते योग्यच झालं. पण फॉर्म बनवणाऱ्या टेबलावर अशी एक बाई पहिल्या दिवशीच डोळ्यांसमोर असती, तर हजारो घरांतली ती जाग्रणं टळली असती.

अंगणवाडीतही तेच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपवर जुळवणं सक्तीचं झालं. सेविकेकडे मोबाइल, समोर कडेवर रडणारं मूल घेऊन आई, आणि स्क्रीनवर फिरणारं चक्र. याच राज्यातल्या सेविकांनी २०२१ मध्ये, दिलेले फोन निकृष्ट आहेत म्हणून ते सरकारला परत केले होते. आहार गरजू बाळापर्यंत पोचावा हा हेतू चांगलाच आहे. पण चेहरा जुळला नाही तर आहाराचं पाकीट कुणी अडवायचं, आणि बाईच्या शिव्या कुणी खायच्या? दोन्ही वाट्याला येतं त्या सेविकेच्याच.

पेन्शनच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नाकरा खटल्यात निकाल दिला: पेन्शन ही सरकारची कृपा किंवा बक्षिसी नाही, ती आयुष्यभराच्या सेवेनं मिळवलेला हक्क आहे. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते आणि निकाल न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिला. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर संघटना आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायद्यावरचा निकाल आला. चार न्यायमूर्तींनी कायदा बहुतांशी टिकवला. पाचवे, यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड, यांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि यंत्रानं नाकारलेल्या माणसांचं काय होतं यावर सविस्तर लिहिलं. पण पेन्शनरांच्या कामाचा मुद्दा बहुमताच्या निकालातही आहे. आधार सक्तीचं करता येतं ते कल्याणकारी योजनांच्या लाभांसाठी. सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन ही त्यानं कमावलेली आहे, हक्काची आहे, म्हणून ती या सक्तीत येत नाही, असं न्यायालयानं उदाहरण देऊन सांगितलं. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी आधार ऐच्छिक असल्याचं आणि पर्यायी मार्ग द्यावा लागेल असं स्पष्ट केलं.

म्हणजे कागदी दाखला आजही तितकाच वैध आहे. पण काउंटरवर पेन्शनरच्या कानावर येतं ते वेगळंच. "आजोबा, आता सगळं ऑनलाइन झालंय, बाहेरच्या केंद्रातून करून आणा." छापील नमुने संपलेले असतात, ते काम बघणाऱ्याची बदली झालेली असते. यात कुणी दुष्ट आहे असं मला वाटत नाही. शाखेत माणसं कमी, कामं जास्त, आणि डिजिटल दाखल्यांचा आकडा वरून विचारला जातो. कागदावर किती घेतले आणि किती जणांना परत पाठवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं गाऱ्हाणं नेमकं इथे आहे. जुळलेल्या चेहऱ्यांची मोजदाद होते तशी न जुळलेल्यांचीही व्हायला हवी, शाखेच्या फलकावर लागायला हवी, आणि त्या प्रत्येक नावापुढे पुढे काय केलं ते लिहिलेलं हवं. रेशनच्या बाबतीत २४ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या परिपत्रकानं, आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. असं परिपत्रक दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं दिसलं, तर ज्या बाईचा अंगठा उठत नाही तिला बोट दाखवून बोलता येईल.

सोयीच्या मागोमाग चोरही आले आहेत. 'तुमचा हयातीचा दाखला मी फोनवर अपडेट करून देतो' असा फोन येतो, बोलणाऱ्याकडे पीपीओ क्रमांक आणि निवृत्तीची तारीख अचूक असते, आणि मग तो ओटीपी मागतो. दाखल्यासाठी बँक किंवा पेन्शन कार्यालय फोन करून ओटीपी कधीच मागत नाही. जमिनीच्या खरेदीखतांवरचे बोटांचे ठसे उचलून, त्यांचे नकली साचे बनवून आधारवरून चालणाऱ्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. म्हणून आधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. लागेल तेव्हा उघडता येतं. लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, सिमकार्डाच्या दुकानात पूर्ण क्रमांक देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार द्यावं. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळूर कार्यालयानं झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका असं पत्रक काढलं होतं. गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, पण त्यातला सल्ला मला आजही बरोबर वाटतो. ज्याला फक्त वय हवं त्याला फक्त वयच दाखवायचं, पत्ता नाही, क्रमांक नाही. कागदाच्या झेरॉक्सला हे कधीच जमलं नसतं. फोनमधल्या ओळखीचा खरा फायदा मला यात दिसतो, आणि नवं आधार अ‍ॅप त्याच दिशेनं जातं आहे याचा आनंद आहे.

दिवाळीला मुलं घरी येतात. या चार दिवसांत आई-वडिलांच्या आधारला कुठला नंबर जोडला आहे तो पाहून घ्यावा आणि तो त्यांच्याच हातातल्या फोनचा करून द्यावा. आधारमधलं छायाचित्र जुनं असेल तर केंद्रात नेऊन नवं काढून घ्यावं. ऐंशी वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांना नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या ९५ सालच्या योजनेतल्या पेन्शनरांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, तो कुठल्याही महिन्यात देता येतो. फोननं दोन-तीनदा नाकारलं तर थकलेल्या डोळ्यांना पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवू नये. शाखेत जाऊन छापील नमुना मागावा. नाही म्हणाले तर तो नकार लेखी मागावा. नमुना घेतला, तर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.